मैनेची आयाळ

आज सकाळी मैनेच्या मानेवरून हात फिरवला आणि तळव्याला काहीतरी खरखरीत, हुळहुळतं लागलं. आठवडाभर दाढी न केलेल्या हनुवटीसारखं. केस! आखूड, तांबूस, अगदी खरेखुरे केस! गेले दोन महिने जिथं केवळ सोललेली, चिघळलेली त्वचा होती, तिथं हे कोवळं वैभव उगवलेलं! पन्नाशीला टेकलेल्या शिक्षिकेनं गोठ्यात एकटीनं उभं राहून मोठ्यानं हसावं का? मी हसले.

मैना माझ्या काकांची घोडी. आमचे पूर्वज मेंढरांमागं हिंडायचे, सारं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर. पुढं मेंढरं गेली, शेती आली, तरी दारात एक घोडी हवीच, हा हट्ट काकांनी एकट्यानं जपला. काकी गेल्यापासून तर ते माणसांशी कमी आणि मैनेशीच जास्त बोलतात. मी जालन्यात मस्तगडला राहते, शनिवारी शाळा सुटली की हसनाबादची बस धरते आणि या दोघांच्या संसारात दीड दिवसाची पाहुणी होते.

यंदा श्रावणात मैनेला खाज सुटली. लिंबाचं खोड, गोठ्याची भिंत, गव्हाणीची कड, दिसेल तिथं ती मान घासायची, शेपूट घासायची. पंधरवड्यात ती रेशमी आयाळ झडली, शेपटीचं मूळ उघडं पडलं, रक्त आलं. काकांचं निदान तयारच होतं : ‘‘हरभऱ्याची उष्णता झाली तिला.’’ आमच्या घरात डोकेदुखीपासून पोराच्या हट्टापर्यंत साऱ्याचं मूळ उष्णतेतच सापडतं! हरभरा बंद झाला. शिवाय अंगातली आग शमावी म्हणून भल्या पहाटे आणि दिवस मावळताना, काका तिला ओढ्यात पोटापर्यंत पाण्यात तासतासभर उभी करू लागले. ते सोनेरी पाणी, ती तांबडी घोडी, तिच्या पाठीवर ओंजळीनं पाणी सोडणारा पागोट्यातला वृद्ध. किती रम्य ते दृश्य! मी मेली फोटो काढत बसले. खाज वाढली की पाणी वाढायचं, आणि पाणी वाढलं की खाज.

अखेर काका हरले. ‘‘मला बघवत न्हाई आता. भाच्याला सांगितलंय, दसऱ्याला ये अन् घेऊन जा,’’ म्हणाले, आणि समोरची भाकर तशीच बाजूला सारली. भाच्याचं गाव उंच, खडकाळ, कोरडं. तिकडं तरी ती बरी होईल ही त्यांची आशा. पण मैना गेल्यावर हा माणूस कुणाशी बोलणार?

मी भोकरदनहून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आले. त्यांनी घोडीच्या खाण्याची चौकशीच केली नाही. ती दिवसभरात कुठं नि कधी उभी असते, एवढंच विचारलं. काकांनी मोठ्या अभिमानानं ओढ्याचं सांगितलं. मग बाई म्हणाल्या की ही चिलटांच्या चाव्याची ॲलर्जी आहे. तिळाहून लहान ती चिलटं ओल्या चिखलात, शेणात वाढतात, आणि नेमकी पहाटे नि तिन्हीसांजेला निघतात. इतर जनावरांना त्यांचं काही वाटत नाही, हिच्या अंगाला मात्र सोसत नाही. हा विकार मुळातून जात नाही, दर पावसाळ्यात उलटतो. चिलटांपासून जपणं हाच खरा उपाय. हरभरा बिचारा निर्दोष होता.

‘‘म्हंजे मीच तिला रोज नेऊन त्यांच्या पुढ्यात उभी करून राह्यलो होतो,’’ काका म्हणाले. प्रेमाला डोळे नसतात म्हणतात, ते काय उगाच?

मग काय विचारता! इंजेक्शन झालं, मलम आलं, उकिरडा लांब हलला. गोठ्याला बारीक विणीची जाळी लागली. वाऱ्यात चिलटांना उडता येत नाही म्हणून पंखा आला. काकीच्या दोन मऊ सुती लुगड्यांची मी अंगभर झूल शिवली. ‘‘घोडी पंख्याखाली अन् म्हातारा उन्हात,’’ गाव हसलं. खरंच होतं ते. काका आता टळटळीत दुपारी, डोक्यावर ओला टॉवेल टाकून तिला चारतात.

आणि आज दसरा. केस दिसताच मी काकांचा हात धरून तिच्या मानेवर ठेवला. त्यांनी तो आधी सुलटा, मग उलटा फिरवून पाहिला. दुपारी भाचा पिकअप घेऊन आला. दिलेला शब्द काकांनी आजवर कधी मोडलेला नाही.

जेवणं झाली, गप्पा लांबल्या, भाच्यानं गाडीतून दोर काढला. काका उठले, आभाळाकडं बघत म्हणाले, ‘‘दिवस कलला. चिलटं निघायचा वखत झाला, तिला आत घ्यायला पायजे. तू बी जल्दी नीघ, रस्ता खराब हाय.’’

भाचा दोर हातात घेऊन उभाच. ‘‘मामा, अन् हे सगळं दरसाल करणार का तुम्ही?’’

‘‘दरसाल,’’ काका म्हणाले, आणि मैनेला आत घेऊन त्यांनी जाळी खाली सोडली.