मामीच्या नावाचं कडवं

"वाजव की बिनधास्त, आपलंच आहे." हे वाक्य पुन्हा कुणी माझ्यासमोर म्हटलं तर मी त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेईन. आमच्या गिरणगावात सगळंच आपलं असतं. शेजाऱ्यांची शिडी आपली, समोरच्यांचा मिक्सर आपला आणि कुणाचंही गाणं आपलंच. ह्या आपलेपणाचं मला लहानपणी फार कौतुक होतं. आता त्याच आपलेपणाने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

झालं असं, की माझ्या धाकट्या भावाने आणि त्याच्या मित्रांनी एक रविवार ठरवला. लालबागला आमच्या चाळीतल्या मंडळाच्या खोलीत बसून ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गेम खेळणार, लोकांनी ते फोनवर लाइव्ह बघायचं आणि बघता बघता मदत पाठवायची. मदत परळच्या एका स्वयंपाकघरासाठी. तिथल्या एका हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत काही बायका पेशंटच्या नातेवाइकांना पेज आणि डाळभात करून घालतात. गावाकडून आलेली ती माणसं फुटपाथवर चटई टाकून महिनेच्या महिने काढतात. बायकांची ती खोली आता हातची जाणार होती आणि दुसरी बघायची होती.

गेमच्या मागे गाणी तर हवीतच. पण दुसऱ्याच्या मालकीचं गाणं वाजलं की तिथलं यंत्र ते ओळखतं आणि आवाज बंद पाडतं. कधी कधी सगळं प्रक्षेपणच थांबतं, मग मदतही थांबली. म्हणून ज्यांची गाणी स्वतःची आहेत अशांना भेटून, रीतसर परवानगी घेऊन गाणी गोळा करायची, हे काम माझ्या गळ्यात पडलं. का, तर मी ऑफिसात जाते आणि "तुला मेल लिहिता येतो".

खोताच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या गिटारवाल्या अंकलने दारातच विचारलं, कुठे वाजणार, माझं नाव कुठे दिसणार? मला माणूस एकदम आवडला. परळचा एक रॅपर पोरगा भेटला. शब्द असे की अंगावर काटा यावा, पण ठेका नेटवरून उचललेला. "अगं ताई, बीटचं कोण विचारतं?" यंत्र विचारतं, बाबा! शेवटी त्याने घरातल्या पत्र्याच्या डब्यावर स्वतःचा ठेका धरला आणि तो उचललेल्यापेक्षा दसपट चांगला निघाला. मग आधीच का नाही केलंस, म्हणून मी त्याला झापलं ते झापलंच.

एका गाण्याची मात्र मला काडीची काळजी नव्हती. ते माझ्या मामाचं होतं.

मामा घोडपदेवला राहतो. भजनी बुवा आहे. आमच्या कोकणी मंडळींच्या भजनात गजर सिनेमाच्या चालीवर बांधायची रीतच आहे, तो वाजवायची माझी छातीच झाली नसती. पण हे गाणं चालीसकट मामाचं. मामीचं हॉस्पिटल चालू असताना तो त्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून असायचा आणि तिथेच त्याने ते बांधलं. 'पेजेच्या वाफेत देव दिसला गे' असं त्याचं ध्रुपद. भजनात शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. मामाने तिथे स्वतःचं नाव घातलं नाही, मामीचं घातलं. ती म्हणते, असं. मामी घरी परत आली नाही. ह्या रविवारी ते गाणं त्या बायकांसाठी वाजावं, एवढंच मामाने मागितलं होतं. भावाने त्याला पेटी घेऊन बसवलं आणि नव्याने रेकॉर्ड करून घेतलं.

आदल्या आठवड्यात आम्ही सगळं एकदा चालवून बघितलं. मामाचं गाणं लागलं, ध्रुपद झालं आणि आवाज गेला. रेकॉर्डिंग नवं होतं, पण यंत्राने चाल ओळखली. पडद्यावर सूचना आली, की हे गाणं अमुक रेकॉर्डिंगवाल्याच्या मालकीचं आहे.

हा रेकॉर्डिंगवाला आमच्याच नाक्यावरचा. दोन बुवांचा सामना असतो, त्याला डबलबारी म्हणतात. अशाच एका डबलबारीत त्याने मामाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, गाणं रेकॉर्ड केलं आणि नेटवर स्वतःच्या नावाने चढवून दिलं. मला हे सूचना आल्यावर कळलं, मामाला मात्र ते आधीपासून ठाऊक होतं. उलट तो गल्लीत सांगत फिरायचा, माझा गाणा नेटवर आसा.

मी तडक त्याच्या दुकानात गेले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणजे काय ते तिथे ऐकलं.

"मॅडम, बुवांना आधी ओळखत कोण होतं? आम्ही वर आणलं त्यांना. तुम्ही आमचं नाव मोठ्याने टाका ना स्क्रीनवर, आत्ता परवानगी देतो. चांगल्या कामाला आम्ही कधी नाही म्हणत नाही."

म्हणजे माझ्या मामाच्या गाण्याची परवानगी मी ह्याच्याकडे मागायची आणि वर आभारही मानायचे! आपलीच मोरी न् अंघोळीची चोरी. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या मसाल्याच्या गिरणीतले लोक बाहेर येऊन बघत होते.

तशीच घोडपदेवला गेले. म्हटलं, मामा, तक्रार करू, गाणं तुझं आहे असं तू फक्त सांग.

मामा शांतपणे सुपारी कातरत म्हणाला, "गो बाय, ज्याचो नारळ घेतलो, त्याच्यावर फिर्याद करू काय मी?"

"अरे पण त्याने चोरलंय!"

"मान दिलो माका त्याने. घाल त्याचा नाव. गाणा लोकांच्या कानार पडल्याशी कारण."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. एका नारळावर आणि शालीवर ही माणसं आयुष्य ओवाळून टाकतात आणि समोरच्याला ते नेमकं माहीत असतं. मी फोन काढला, त्या रेकॉर्डिंगवाल्याचं गाणं लावलं आणि मामासमोर ठेवलं. ऐक म्हटलं, काय विकतोय तो ते.

मामाने ते कधी ऐकलंच नव्हतं. नेटवर आहे, यातच त्याला सगळं मिळालं होतं. आता तो मांडीवर ताल धरून ऐकू लागला. मधली कडवी झाली. पखवाज चढला, टाळ चढले आणि सगळं हळूहळू बारीक होत बंद पडलं. मामाचा हात मांडीवरच थांबला.

"आणि पुढचा?"

"पुढचं नाहीये मामा. एवढंच आहे."

"नाय कसा? तिचा नाव खंय गेला?"

शेवटचं कडवं मामा पखवाज थांबवून, अगदी संथ, वेगळ्याच चालीत म्हणतो. रेकॉर्डिंगवाल्याला ते रटाळ वाटलं असणार, त्याने कापून टाकलं.

मामा उठला. कपाटातून शाल काढली, अजून प्लास्टिकच्या पिशवीत होती. खाली उतरून नाक्यावर एक नारळ घेतला, हलवून पाणी आहे ना बघून. मी मागोमाग. लालबागला येऊन रेकॉर्डिंगवाल्याच्या दुकानात शिरून त्याने शाल आणि वर नारळ असं दोन्ही काउंटरवर ठेवलं.

"तुमचो मान तुमका परत. आता मी मोकळो."

"बुवा, अहो असं काय करता, बसा ना," असं तो म्हणेपर्यंत मामा पायरी उतरला होता. बाहेर येऊन मला म्हणाला, "लिही आता काय लिहूचा ता."

मी लिहिलं. त्याच दिवशी त्या लाइव्हवाल्या कंपनीला तक्रार लिहिली, इतका कडक मेल मी जन्मात लिहिला नव्हता. रविवार उजाडला तरी उत्तर नाही. यंत्राला चोराचा हक्क तेवढा ताबडतोब ओळखू येतो, मालकाचा ओळखायला त्याला सवड नाही.

रविवारी अंकलची गिटार वाजली, डब्याचा ठेका वाजला, भाऊ आणि त्याचे मित्र खेळत राहिले आणि मदत येत राहिली. मी मात्र कोपऱ्यात बसून धुमसत होते. दुपारी मामा आला. धुतलेला सदरा घालून, जणू कार्यक्रमालाच. गाणं लावता येत नाही हे मी त्याला कुठल्या तोंडाने सांगणार होते? तरी सांगितलं.

त्याने खुर्ची भावाच्या शेजारी ओढली. मग म्हणाला, "शेवटचा कडवा लाव. ता त्या मेल्याकडे खंय आसा?"

खरंच की! जे त्याने चढवलंच नव्हतं, ते यंत्र ओळखणार कुठून? भावाने मामाच्या रेकॉर्डिंगमधलं तेवढंच कडवं वेगळं काढलं आणि लावलं. आम्ही सगळे पडद्याकडे बघत राहिलो, तेवढ्यात गेममध्ये भावाचा माणूस मेला. आवाज गेला नाही. पेटी मंद वाजत होती आणि मामाच्या आवाजात मामीचं नाव आलं. परळहून त्या बायकांचा फोन आला. एकीला फक्त एवढंच बोलता आलं, "वहिनींचं नाव घेतलंत ओ."

त्या तक्रारीला अजून उत्तर नाही आणि माझा राग जिथल्या तिथे आहे. अख्ख्या गाण्यातलं चोराला नको होतं तेवढंच आमच्या हातात राहिलं.

कडवं संपलं तसा मामाने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि भावाला म्हणाला, "परत लाव."