भुंडे हात

शाळेत शिकवून आलो आणि चपला काढता काढता ओसरीवर कोसळलो. पुढचं सगळं मला मागाहून कळलं. श्वास बंद, नाडी बंद. शेजारी राहणारे कंपाउंडर पूर्वी पलटणीच्या दवाखान्यात होते. ते धावत आले आणि दोन्ही हातांनी माझी छाती दाबू लागले. माझी आत्या मात्र कुठलंच काम उद्यावर ठेवणारी बाई नव्हे. तिनं माझ्या बायकोला आत नेलं आणि वरवंट्यानं तिच्या हातांतल्या हिरव्या बांगड्या फोडल्या. तेवढ्यात बाहेर मी श्वास घेतला.

अकोल्याच्या दवाखान्यातून दीड महिन्यानं जऊळक्याला रेल्वेनं आणि तिथून बैलगाडीनं शिरपूरला घरी आलो. लोक बघायला येत आणि वर काय दिसलं ते विचारत. मला काहीच दिसलं नव्हतं. तसं सांगितलं की त्यांना फसवल्यासारखं वाटे. पाण्याची बादली उचलवत नव्हती. जेवतानाही माझी बोटं नाडीवर असत, ती चुकेल या धास्तीनं घास गिळवत नसे. रोज संध्याकाळी कंपाउंडर यायचे, हाताला धरून मला मंदिरापर्यंत फिरवून आणायचे. त्या माणसाशेजारी चालताना तेवढी भीती कमी व्हायची.

आत्यानं ओशाळून कासाराला घरी बोलावलं. बायकोनं त्याला परत पाठवलं. पुन्हा बोलावलं, पुन्हा परत. कुंकू होतं, मंगळसूत्र होतं, हात मात्र भुंडे. गावातल्या बायका कुजबुजू लागल्या. संक्रांतीला तिला एकाही घरून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. ती दिवसभर ज्वारी निवडत बसली. मी खाटेवरून बघत होतो. कोणाच्या दारात जाऊन भांडायचं तर तेवढाही दम छातीत नव्हता. खरं सांगतो, मला तिचाच राग आला. हिनं मला त्या दिवशीच मेलेला धरलं, अजून जिवंत धरत नाही, असं मनानं घेतलं. विचारायची हिंमत होईना. ती हो म्हणाली असती तर?

पुढे शाळेत अर्धा दिवस जाऊ लागलो. एका दुपारी लवकर घरी आलो, तर ती स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसलेली. पुढ्यात गुंडाळलेली गादी. तिच्यावर एकावर एक हात ठेवून ती जोरानं दाबत होती आणि मोजत होती. घामानं कुंकू ओघळलं होतं.

मी विचारलं, हे काय. कंपाउंडरनी शिकवलं म्हणाली, रोज तुम्ही शाळेत गेल्यावर करते.

"अन् बांगड्या?" मी विचारलं.

"दाबता दाबता काच फुटली, हातात घुसली तं थांबा लागते. अन् थांबाले तवा वेळ नाई राहत."

"मंग बायांले सांगत काहून नाई?"

"त्यायले सांगून काय करू? त्या म्हनतीन, सनापुरत्या तरी भर. तुमाले पडाले काय वेळकाळ हाय?"

मला तिथेच रडू आलं. तिचे हात धरले. कोपरापर्यंत मोकळे, तळव्यांना घट्टे पडलेले. या हातांसाठी काय करावं ते मला सुचेना. मग मी येड्यासारखा गादी बाजूला सारून तिथंच आडवा झालो आणि म्हणालो, माझ्यावरच करून बघ.

"उठा," ती म्हणाली. "जित्या मानसावर नाई करत हे."

आणि गादी ओढून घेऊन पुन्हा एकपासून मोजू लागली.