क्लेमेंटीनचा भिडू

वटारची क्लेमेंटीन चोपन्नाव्या वर्षी कॉलेजात जायला लागली, तेव्हा गावाने आपापल्या परीने अर्थ लावला. कुणी म्हणालं, तिथे नर्स म्हणून ठेवली असेल. कुणी म्हणालं, कॅन्टीनचं काम घेतलं असेल, हिच्या हाताला चव आहेच. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एकीने सरळच विचारलं, तेव्हा क्लेमेंटीन म्हणाली, "शिकायला जाते गं. एफवायबीएला."

"या वयात?"

"तेव्हा राहून गेलं ना."

राहून गेलं होतं ते खरंच. बारावीनंतर घरच्यांनी नर्सिंगला घातलं, मग रिचर्डशी लग्न झालं. रिचर्डची केळीची आणि मोगऱ्याची वाडी. वाडीवर संसार भागत होता, पण मुलीच्या शिक्षणासाठी क्लेमेंटीनने नोकरी धरली ती सोडलीच नाही. शेवटची कितीतरी वर्षं ती वांद्र्याला बानूबाई नावाच्या एका म्हाताऱ्या पारशीण बाईंकडे नर्स होती. पुढे बानूबाई गेल्या, मुलगी लग्न होऊन सासरी गेली, आणि क्लेमेंटीनला दुपारच्या वेळी घर खायला उठायला लागलं. मग तिने कपाटातून बारावीचं सर्टिफिकेट काढलं आणि वसईचं एक कॉलेज गाठलं. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "गॅप किती वर्षांचा?" ती म्हणाली, "तुझ्या वयापेक्षा मोठा आहे बाळा, तूच लिही काय ते."

कॉलेजात पोरं तिला आंटी म्हणायची. ती पहिल्या बाकावर बसायची, कारण मागून फळा दिसायचा नाही. सगळं ठीक चाललं होतं. पण खऱ्या अर्थाने तिचं कॉलेज सुरू झालं ते जिमखान्याच्या फळ्यावर एक सूचना लागली त्या दिवशी. आंतरमहाविद्यालयीन ब्रिज स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता. अट एकच, खेळाडू कॉलेजचा नियमित विद्यार्थी हवा.

सूचना वाचून ती फळ्यापुढेच उभी राहिली. ब्रिज तिला येत होता. नुसता येत नव्हता, अंगात मुरला होता. बानूबाईंकडे रोज दुपारी तीन मैत्रिणी पत्ते खेळायला यायच्या. त्यातली एक वारली आणि चौथी जागा रिकामी झाली. बानूबाईंनी औषध घेऊन आलेल्या नर्सला विचारलं, "पत्ते ओळखते?" क्लेमेंटीनला मेंढीकोट येत होता, लग्नाघरी रात्र जागवायला खेळतात तेवढा. बानूबाई म्हणाल्या, "तेवढा बस झाला. बस इथे."

ब्रिजमध्ये चौघं असतात, समोरासमोरचे दोघं भिडू. आधी बोली लागते. आमची जोडी इतके हात करील, अमुक हुकूम धरून करील, असं चढत्या भाजणीने बोलायचं. भिडूला आपले पत्ते सांगायचे ते या बोलीतूनच. भुवई हलवायची नाही, खाकरायचं नाही. ज्या जोडीची बोली शेवटची, तिच्यातला एक खेळतो. दुसरा आपले पत्ते टेबलावर उघडे मांडून गप्प बसतो. त्याला डमी म्हणतात.

सुरुवातीला क्लेमेंटीन फार जपून खेळायची. बानूबाई मालकीण, त्यांच्या बोलीवर आपण कसं बोलायचं? हातात एक्के असले तरी ती 'पास' म्हणायची. एक दिवस बानूबाईंनी पत्ते टेबलावर आपटले. "ए पोरी, इंजेक्शन देताना माझा ऐकते काय? मी नको नको बोलते, तू सुई टोचतेच ना? मग इथे कशाला ऐकते?" त्यानंतर ती सुधारली. इतकी सुधारली की पुढे बानूबाईच तिच्यावर चिडायच्या, आणि चिडून पुन्हा तिलाच भिडू घ्यायच्या.

तर जिमखान्याच्या खोलीत ती शिरली तेव्हा सरांनी आदराने खुर्ची पुढे केली. "या ना. कुणाच्या आई तुम्ही?"

"इथल्या कुणाची नाही. मला नाव द्यायचंय."

सरांनी नियम दोनदा वाचले. त्यात वय कुठेच नव्हतं. संघात चार जण लागत होते आणि आले होते तीन, त्यामुळे सरांनीही फार खोलात जायचं टाळलं. त्या तिघांतले दोघं लहानपणापासूनचे दोस्त, त्यांची जोडी ठरलेलीच होती. उरला होता तो विकी.

विकी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होता. खाडीकाठच्या एका गावातला, भातशेती करणाऱ्या घरातला, सडपातळ, खाली मान घालून बोलणारा मुलगा. ब्रिज तो मोबाइलवर शिकला होता, अनोळखी लोकांशी खेळून. क्लेमेंटीनने त्याच्याबरोबर चार डाव खेळून पाहिले आणि तिच्या लक्षात आलं, पोरगं हुशार आहे. कुणाकडे काय उरलंय हे त्याला बघता बघता कळतं. घरी जाऊन ती रिचर्डला म्हणाली, "मला भिडू मिळाला."

रिचर्ड मोगऱ्याच्या कळ्या निवडत होता. "पत्ते खेळायला कॉलेजात जातेस, हे फादरना सांगू नकोस," एवढंच तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवसापासून सरावाच्या वेळी तिला स्कूटरवरून सोडायला तोच जायचा.

सराव महिनाभर झाला. मग सरांनी एव्हरशाईन सिटी नावाच्या वसाहतीतल्या एका ब्रिज मंडळाशी मैत्रीचा सामना ठरवला. मंडळात बहुतेक बँकेतून निवृत्त झालेले लोक. क्लेमेंटीनला वाटलं होतं, सहज जिंकू. पण ती आणि विकी सपाटून हरले. हरण्याचं तिला काही नव्हतं, पण हरले कसे ते तिला कळेना. मंडळाने चहा आणि बटाटेवडे ठेवले होते. बाकीचे तिकडे वळले तसे तिने विकीचे शेवटच्या डावातले पत्ते उचलून उलटे करून पाहिले. राजा, एक्का, पुन्हा एक्का.

"विकी, हे पत्ते घेऊन तू गप्प बसलास?"

"तुम्ही दहा हातांवर थांबलात ना, मावशी."

"मी थांबले, कारण मला तुझे पत्ते दिसत नव्हते. तुला तुझे दिसत होते."

विकी चपलेने फरशी घासत राहिला. मग म्हणाला, "मोठं माणूस थांब म्हणालं की आमच्याकडे थांबतात."

वडा खाताना तिला आठवत राहिलं, महिनाभरात या मुलाने एकदाही तिची बोली उचलून पुढे नेली नव्हती. तिची चूक झाली, तर ती चूकही त्याने आपल्या पत्त्यांनी झाकली होती, मुकाट्याने.

पुढच्या रविवारी रिचर्डबरोबर ती विकीच्या घरी गेली. निमित्त होतं केळीचा घड द्यायचं. विकीचे आजोबा काशीराम ओसरीवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, पण आवाज ताठ. त्यांनी पाहुण्यांना पाणी आणायला सांगितलं आणि घरातली तीन माणसं एकदम उठली. जेवायचा आग्रह झाला, तेव्हा कोण कुठे बसणार तेही काशीरामांनीच सांगितलं. विकीचे वडील पन्नाशीचे, पण बापासमोर त्यांनी भाकरीसुद्धा मागून घेतली नाही. यात धाक फारसा नव्हता. माया होती, म्हातारा सगळ्यांच्या ताटाकडे बघत होता. पण बोलत होता तो एकटाच.

"हा पोरगा तुमच्याकडं काय खेलतो?" काशीरामांनी विचारलं.

"पत्ते," क्लेमेंटीन म्हणाली. विकीचा घास हातातच राहिला.

"पैशे लावून?"

"नाही आजोबा. डोकं लावून."

काशीराम म्हणाले, "तुम्ही हाव ना बरोबर? मंग खेलू द्या."

परतताना विकी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आला. तिथे तिने त्याला बानूबाईंची इंजेक्शनची गोष्ट सांगितली. तो हसला. मग तिने मुद्द्याचं सांगितलं. "टेबलावर मला मावशी म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"क्लेमी म्हण. रिचर्ड म्हणतो."

हे विकीच्याने होण्यासारखं नव्हतं. ब्रिजच्या टेबलावर चार जागांना चार दिशांची नावं असतात आणि क्लेमेंटीन नेहमी दक्षिणेला बसायची. शेवटी तो म्हणाला, "साउथ म्हटलं तर चालेल?"

तेव्हापासून ती साउथ झाली. मग कॉलेजभर झाली. "साउथ, चहा घेणार?" "साउथ, मराठीच्या नोट्स द्या ना." आणि काय जादू झाली कोण जाणे, मावशीला जे बोलता येत नव्हतं ते साउथला थोडंथोडं बोलता यायला लागलं. आधी डाव संपल्यावर. "साउथ, तिथे राणी आधी टाकायला हवी होती." मग हळूहळू बोलीतही एखादी पायरी तो वर चढायला लागला. पण सरावात. खऱ्या सामन्यात हात आखडायचाच.

स्पर्धा विरारच्या एका कॉलेजात होती. पहिल्या दिवशी क्लेमेंटीनला बघून आयोजकांनी तिला पालकांच्या खोलीकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिला सगळे ओळखत होते, कारण यांचा संघ एकामागून एक सामने जिंकत अंतिम फेरीत आला होता.

अंतिम सामना सुरू झाला तेव्हा बाजूच्या मैदानावर क्रिकेट चालू होतं आणि दर षटकाराला खिडक्या दणाणत होत्या. आत मात्र पत्त्यांच्या आवाजाखेरीज काही नाही. संघांच्या सामन्यात तेच पत्ते दोन टेबलांवर खेळले जातात. एका टेबलावर ज्या बाजूला तुमची जोडी, दुसऱ्यावर त्या बाजूला त्यांची. त्यामुळे नशिबाला बोल लावायची सोय नसते. शेवटचे काही डाव उरले तेव्हा दोन्ही संघ जवळजवळ बरोबरीत होते.

त्यातल्या एका डावात क्लेमेंटीनकडे इस्पिकची सहा पानं आली. तिने बोली लावली. विरोधी जोडीने बदाम बोलून अडवायचा प्रयत्न केला, विकीने तिच्या इस्पिकला साथ दिली, आणि तिने दहा हातांची बोली करून टाकली. म्हणजे, मी इथे थांबते. शहाणी, सुरक्षित बोली होती.

विकी थांबला नाही. त्याने पत्त्यांकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. त्याच्याकडे दोन एक्के होते आणि इस्पिकचा राजा. बदामची तीन फालतू पानं होती, आणि विरोधी जोडी बदाम बोलत होती, म्हणजे साउथकडे बदाम जवळजवळ नसणार. हे सगळं क्लेमेंटीनला नंतर कळलं. तेव्हा तिला दिसला तो फक्त त्याचा हात. बोलीच्या कार्डांच्या डब्याकडे गेलेला; स्पर्धेत बोली तोंडाने नाही, कार्ड ठेवून करतात. त्याने कार्ड काढून ठेवलं. सहा इस्पिक. पहिले सहा हात बोलीत मोजत नाहीत, म्हणजे तेरातले बारा हात करायचे.

क्षणभर तिला लागलं, ते खोटं कशाला बोला. मी थांब म्हटलं होतं ना, असं मनात आलंच. मग विकीने आपले पत्ते उघडे मांडले आणि तिने मोजून पाहिलं. पोराने बरोबर हिशोब केला होता.

पहिलाच हात बदामच्या एक्क्यावर गेला. आता आणखी एकही जाऊन चालणार नव्हता. अकरा हात तिला स्वच्छ दिसत होते, बाराव्याला दोन वाटा होत्या. किलवरची उरलेली पानं विरोधी दोघांत सारखी वाटली गेली असतील तर किलवरमधून, नाहीतर चौकटची राणी डावीकडच्या मुलाकडे असेल तर चौकटमधून. तीन वेळा खेळलं तर दोनदा जमावा असा डाव. तिने आधी हुकूम संपवले, मग किलवर खेळून पाहिले. सारखे नव्हते. मग हातातून चौकटचं छोटं पान टाकलं. डावीकडच्या मुलाने छोटंच टाकलं. "गुलाम," ती म्हणाली. विकीने डमीतून गुलाम पुढे केला.

उजवीकडच्या मुलीने राणी टाकली.

एका हाताने डाव बुडाला. दुसऱ्या टेबलावरची त्यांची जोडी दहावर थांबली होती, तिने अकरा हात केले. सामना तेवढ्यावरच गेला. सर म्हणाले, "उपविजेतेपदही काही कमी नाही," पण त्यांचा चेहरा वेगळं सांगत होता. विकी कोपऱ्यात उभा होता, कान लाल झालेले.

क्लेमेंटीन त्याच्याजवळ गेली. "मावशी, माझ्यामुळे..." त्याने सुरुवात केली.

"पुन्हा हेच पत्ते आले तर काय बोलशील?"

त्याच्या मनात खरंच डाव पुन्हा मांडला जात होता, तिला ते दिसत होतं. मग तो म्हणाला, "सहाच बोलेन."

"मीही तेच बोलले असते. चल, भूक लागली."

रिचर्ड केळीचा टेम्पो घेऊन न्यायला आला होता. तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसले.

"जिंकलात?" रिचर्डने विचारलं.

"हरलो."

"मग हसतेस काय?"

"या पोराने माझी बोली मोडली, रिचर्ड. भर सामन्यात."

रिचर्डने गिअर टाकला आणि विकीकडे नव्या आदराने पाहिलं. "कसं केलंस रे? मला इतक्या वर्षांत जमलं नाही."

तेव्हा कुठे विकी हसला.

पुढच्या वर्षी त्यांनी एक लहानशी स्पर्धा जिंकली आणि दोन हरले. मग विकीचं कॉलेज संपलं, त्याला पुण्यात नोकरी लागली. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन तो वटारला आला, तेव्हा पाया पडताना पुन्हा मावशी म्हणाला.

क्लेमेंटीन आता शेवटच्या वर्षाला आहे. तिला नवी भिडू मिळाली आहे, अश्लेषा नावाची. मुलीला भीड म्हणून नाही. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांदेखत सांगितलं, "आंटी, हा डाव तुम्ही घालवलात." क्लेमेंटीन घरी आली ती फुरंगटून. जेवताना रिचर्डला तिने डाव सुरुवातीपासून सांगितला. कुणाकडे काय होतं, तिने काय टाकलं, त्या मुलीने काय म्हटलं.

रिचर्डला यातलं अर्धंही कळत नव्हतं. "मग? चूक होती तुझी?"

क्लेमेंटीनने कालवण वाढून घेतलं, भात कालवला. "होती," ती म्हणाली. "पण काय ते बोलणं. उद्या लवकर सोड मला, तिला किलवर नीट खेळता येत नाही, ते दाखवायचंय."