दाराखालची भोकं

"इब्राहिमभाई, तुमचं रबर गळतंय," सुर्वे फोनवर म्हणाले. "गाडी हलली की दारात पाणी हलतं. कोणीतरी मांडीवर कळशी घेऊन बसलंय असं वाटतं. आणि परवा उद्घाटन हाय."

मी विचारलं, "काचेच्या कडेने पाणी सीटवर येतंय का?"

"नाय. सीट सुकी हाय. दाराच्या पोटात पाणी हाय."

"मग रबर गळत नाही."

"मग काय दार रडतंय?"

मी जेवण आटपलं आणि स्कूटर काढली.

मी रत्नागिरीत गाड्यांच्या काचा, रबरं आणि कडेच्या पट्ट्या बसवतो. पस्तीस वर्षं झाली. इंजिनवाल्याला लोक डॉक्टर म्हणतात, पेंटरला आर्टिस्ट. मला रबरवाला म्हणतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण गाडीत पाणी आलं की पहिला फोन मलाच येतो. छप्पर उघडं ठेवलेलं असलं तरी मलाच.

सुर्वे यांचं गणपतीपुळ्याच्या रस्त्याला रिसॉर्ट आहे. त्यांच्या वडिलांची जुनी अँबॅसिडर घरामागच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी होती. रिसॉर्टच्या नव्या इमारतीसाठी ती बाहेर काढली आणि ती एकदम हेरिटेज झाली. गेटपाशी तिच्यासाठी बोर्डही तयार झाला: 'एका संस्थानिकांच्या ताफ्यातील दुर्मिळ मोटार'.

"कुठल्या संस्थानातली?" मी एकदा विचारलं होतं.

"गेस्ट विचारत नाहीत," सुर्वे म्हणाले.

या कामासाठी त्यांनी पुण्याहून एक कन्सल्टंट आणला होता. नाव कर्णिक. पांढरे हातमोजे आणि काखेत जाडजूड फाइल, तिचं प्रत्येक पान प्लास्टिकमध्ये. बॉडीचं आणि पेंटचं काम त्यांनी पुण्यात करून घेतलं. घाटात काचा फुटतील म्हणून काचांचं काम तेवढं इथे ठेवलं. म्हणून मी.

पुढची मोठी काच थेट पत्र्याला लागत नाही. मध्ये जाड रबर असतं. त्या रबराला दोन खाचा असतात, एकीत काच बसते, दुसरीत पत्र्याची कड. आधी रबर काचेवर चढवायचं. दुसऱ्या खाचेत सगळीकडून दोरी भरायची, साबणाचं पाणी लावायचं आणि काच बाहेरून टेकवायची. मग आत बसलेल्या माणसाने दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघते तशी रबराची कड पत्र्यावर चढत जाते. घाई केली की काच जाते.

कर्णिक शेजारी उभे राहून लिहून घेत होते.

"साबण कोणता?"

"भांड्यांचा."

त्यांनी फाइलमध्ये लिहिलं, 'न्यूट्रल लुब्रिकंट'.

चारही दारांच्या काचा ज्या मऊ खाचेत वर-खाली सरकतात, तो फेल्टचा चॅनल दोन्ही बाजूंनी नवा घातला. काच जिथून दारात उतरते तिथे बाहेरून रबरी पट्टी बसवली, तिच्यावर क्रोमची पट्टी. जुन्या क्लिपा कुजल्या होत्या, त्या नव्या केल्या. काम चांगलं झालं होतं, हे मी माझ्या तोंडाने सांगतो, कारण फाइलमध्ये ते कर्णिकांच्या नावावर आहे.

रिसॉर्टवर पोचलो तेव्हा गाडी पोर्चमध्ये होती. दाराच्या आतलं रेक्झिन खालून फुगलं होतं आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. मी दार थोडं हलवलं. खरोखरच कळशी होती.

"सील फेल्युअर," कर्णिक म्हणाले. "सगळ्या काचांना बाहेरून सिलिकॉन मारा."

"मग काच खाली कशी करायची?"

"खाली कशाला करायची? ही डिस्प्ले गाडी आहे."

"परवा प्रमुख पाहुणे तिच्यातून गेटपर्यंत येणार आहेत," सुर्वे म्हणाले. "त्यांना हात हलवायचा आहे."

मी पाण्याचा मग मागवला. आधी पुढच्या काचेवर ओतला. आत हात फिरवला, सुकं. मग दाराच्या काचेवर ओतला. पाणी पट्टीपाशी आलं आणि थोडं थोडं आत उतरलं.

"बघा, गळतंय!" सुर्वे म्हणाले.

"गळणारच. वर-खाली होणाऱ्या काचेला कुठलीच पट्टी पाणी पूर्ण अडवू शकत नाही. सगळ्याच गाड्यांची दारं पाणी पितात. तुमच्या नव्या गाडीचंसुद्धा. ते पाणी दाराच्या खालच्या भोकांतून निघून जातं."

हे बोलल्यावर मी जमिनीवर आडवा झालो आणि दार खालून पाहिलं. आरशासारखा गुळगुळीत पेंट. भोक एकही नाही.

मला स्वतःचाच राग आला. पट्ट्या बसवायच्या आधी खालून बघायला हवं होतं. पेंट इतका चकचकीत होता की वाकावंसं वाटलं नाही.

"खाली भोकं होती," मी उठून म्हणालो. "ती कुठे गेली?"

कर्णिकांनी शांतपणे फाइल उघडली. दोन फोटो होते, आधीचा आणि नंतरचा. खाली ओळ: 'दारांच्या तळाशी गंजामुळे पडलेली सर्व छिद्रे बुजवली.'

"ती गंजाची नव्हती. कंपनीतून आलेली होती. आणि तुमच्याकडे रोज सकाळी गाडी पाइपने धुतात."

"भोक म्हणजे डिफेक्ट," कर्णिक म्हणाले. "आता ड्रिल मारलं तर ओरिजिनॅलिटी जाईल. मी परवानगी देणार नाही."

सुर्वे कधी माझ्याकडे बघत होते, कधी फाइलकडे. फाइलचं पारडं जड होतं, ती प्लास्टिकमध्ये होती. "मेस्त्री, उद्यापर्यंत सिलिकॉन मारा. नायतर मला दुसरा माणूस बघावा लागेल," ते म्हणाले. आमच्या गावात असं वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्या गॅरेजांत पोचतं.

तेवढ्यात सुर्वे यांची आई काठी टेकत पोर्चमध्ये आली. ऐंशीच्या पुढची बाई, सगळे त्यांना काकी म्हणतात. बोलणं त्यांनी आतून ऐकलं असावं.

"भोकं बुजवलीत?" त्यांनी विचारलं. "तुझे बाबा दर मिरगाआधी दाराखाली निजून सायकलच्या तारेने ती मोकळी करायचे. पॅसेंजरचे पाय भिजू नयेत म्हणून."

"आई, आत जा जरा," सुर्वे घाईने म्हणाले.

कर्णिकांनी पेन काढलं. "पॅसेंजर म्हणजे? संस्थानिकांचे पाहुणे?"

"कसले संस्थानिक?" काकी म्हणाल्या. "टॅक्सी होती ती. स्टँड ते हेदवी. ह्याची फी तिच्यावर भरली, ही पहिली खोली तिच्यावर बांधली. ह्याला शाळेत सोडताना हा मागे ओकायचा."

रिसेप्शनवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये मान घातली.

"इब्राहिम," काकी म्हणाल्या, "तू भोकं पाड. परवानगी मी देते. गाडी अजून ह्याच्या बाबांच्या नावावर आहे."

मी ड्रिल आणलं. पत्र्यावर हात फिरवला की बुजवलेली जागा बोटाला लागते. पहिलं भोक पडलं आणि तांबूस पाण्याची धार सुटली. कर्णिक फोटो काढायला खाली वाकले होते. हातमोजे आणि बूट दोन्ही भिजले. मी कडांना गंजरोधक लावला आणि दारं उघडून रेक्झिनमागचे फुगलेले पुठ्ठे काढून पंख्याखाली ठेवले.

उद्घाटन व्यवस्थित झालं. प्रमुख पाहुणे गेटपर्यंत स्वतःच्या एसी गाडीतूनच आले आणि काच बंद ठेवूनच हात हलवला. संस्थानिकांचा बोर्ड सुर्वे यांनी दुसऱ्या दिवशी काढला. गेस्ट विचारत नाहीत, पण आई सांगते. कर्णिकांच्या फाइलमध्ये नवं पान आलं आहे: 'मूळ ड्रेनेज सिस्टम संशोधनाअंती पुनर्स्थापित.' मला त्याची कॉपीही पाठवली.

पुढच्या आठवड्यात सुर्वे स्वतः गाडी चालवत आईला हेदवीला दर्शनाला घेऊन गेले. काकी पुढे बसल्या. नवरा असताना त्यांना पुढे कधी बसता आलं नव्हतं, ती सीट गिऱ्हाइकाची. वाटेत पाऊस लागला. परतताना मुद्दाम माझ्या दुकानासमोर गाडी थांबवायला लावून काकींनी काच खाली केली आणि सांगितलं, "पाय सुके आहेत हो."

माझ्यापुरतं सांगायचं तर आता मी कुठलीही गाडी कामाला घेण्याआधी जमिनीवर आडवा होऊन तिची दारं खालून बघतो. गुडघे दुखतात. पण पाणी आत येणारच, ते बाहेर कुठून जाणार एवढंच आपल्या हातात असतं. फाइल त्यानंतर वाचली तरी चालते.