आईचं शिळंपाकं

माझे बाबा अबू धाबीजवळच्या मुसफ्फाच्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये फोरमन आहेत आणि आमचं घर शारजाला, रोल्लाच्या बाजारामागे. एवढं अंतर आणि त्यात संध्याकाळचा ट्रॅफिक रोज झेपणारा नाही, म्हणून आठवडाभर ते कंपनीच्या खोलीवर राहतात आणि शनिवारी काम आटोपलं की घरी येतात. माझ्या लहानपणापासून हे असंच चाललंय. आता मी दुबईत नोकरी करते, धाकटी बहीण युनिव्हर्सिटीत आहे, पण शनिवारी लिफ्टचा आवाज झाला की आई अजूनही हातातलं काम टाकून गॅस पेटवते.

बाबांना सगळं गरम लागायचं. वर्कशॉपवर दुपारचं जेवण मेसमधून येतं आणि पत्र्याच्या शेडखाली ताटात पडेपर्यंत गार होतं. आठवडाभर तेच खाल्लं की घरी आल्यावर त्यांना ताटातून वाफ निघायला हवी असायची. आई एकेक पोळी तव्यावरून थेट त्यांच्या ताटात टाकायची आणि माशाच्या कालवणाला पुन्हा पुन्हा आच द्यायची. रविवारी रात्री ते परत गेले की उरलंसुरलं फ्रिजमध्ये जायचं आणि ते आम्ही तिघी पुढे दोन-तीन दिवस तापवून खायचो. बाबांना ते कधी वाढलं जायचं नाही, आणि त्यांनीही कधी मागितलं नाही. शिळं म्हणजे नाइलाज, अशी त्यांची समजूत होती.

मग एका हिवाळ्यात त्यांना ताप आला. डॉक्टर साधा व्हायरल म्हणाले, आठवड्याभरात उतरलाही. त्यानंतरच्या शनिवारी ते घरी आले, आईने कोळंबीचं कालवण केलं होतं, त्यांनी दोन घास खाल्ले आणि विचारलं, आज मसाला घातला नाहीस का. आईने मला चाखायला दिलं. मसाला होता, नेहमीपेक्षा जरा जास्तच होता. मग बाबांनी चहा हुंगून पाहिला, साबण हुंगला, देवासमोरची उदबत्ती नाकाजवळ धरली. कशालाच वास नव्हता.

डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घालून पाहिलं आणि समजावून सांगितलं की ज्याला आपण चव म्हणतो त्यातली बरीचशी नाकातून येते. नाक गेलं की जिभेला खारट, गोड, आंबट, कडू तेवढं कळतं, मिरचीचा जाळ कळतो, बाकी काही नाही. परत येईल का, असं आईने विचारलं. येतं पुष्कळांचं, म्हणाले, पण वेळ लागतो. इन्शाल्ला, असं म्हणून त्यांनी फाइल मिटली.

पुढचे कित्येक महिने असेच गेले. बाबा तक्रार करणाऱ्यातले नाहीत. ते ताट संपवायचे, पण पुढ्यात आलेलं काम उरकावं तसे. त्यांचं वजन उतरलं, शर्टाची कॉलर मानेभोवती सैल दिसायला लागली. आई दर शनिवारी जास्त खपायची. कधी खोबरं खमंग भाजून घातलं, कधी गावाहून आलेला मालवणी मसाला दुप्पट घातला. एकदा तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं. पूर्वी नुसत्या त्या वासावर बाबा आंघोळ अर्धी टाकून बाहेर यायचे. या वेळी ते शांतपणे जेवले आणि म्हणाले, छान झालंय.

आईने हातातली पळी खाली ठेवली. "अहो, छान झालंय म्हणू नका," ती म्हणाली. "लागत नाही तर लागत नाही म्हणा. मला तेवढं चालेल."

बाबांनी मान हलवली. मग म्हणाले, "गरम आहे, एवढं कळतं."

यानंतर काही आठवड्यांनी मला ऑफिसात प्रमोशन मिळालं आणि शनिवारी मी दोन मोठे पिझ्झे मागवले. एक भाज्यांचा, एक चिकनचा, दोन्हींवर व्हिनेगरमधल्या हिरव्या मिरच्यांच्या चकत्या. बाबांनी एक गरम तुकडा माझ्यासाठी म्हणून खाल्ला. चीजची तार लांबली तेव्हा बहीण हसली, तेही हसले, आणि मग त्यांनी हात पुसले. खूपच उरलं. आईने दोन खोक्यांतलं एका खोक्यात भरलं आणि फ्रिजमध्ये कोंबलं.

रविवारी सकाळी मी उठून स्वयंपाकघरात आले तर बहीण फ्रिजचं दार उघडं ठेवून, तिथेच उभ्याउभ्या गार पिझ्झा खात होती. ही तिची शाळेपासूनची सवय. बाबा ओट्याशी पाणी पीत उभे होते आणि तिच्याकडे पाहत होते. ते म्हणाले, अगं, गरम तरी करून घे. ती म्हणाली, "नो बाबा, धिस इज द बेस्ट पार्ट," आणि आपल्या हातातला तुकडा तिने त्यांच्यापुढे धरला. लेकीचं मन कशाला मोडायचं म्हणून त्यांनी कडेचा एक घास तोडला.

ते चावत राहिले. त्यांनी तिच्या हातातून तुकडाच घेतला आणि टोकाकडून पुन्हा एक घास घेतला. मला वाटलं दाताखाली काही आलं. बहिणीने विचारलं, काय झालं.

"हे कळतंय," बाबा म्हणाले.

वास आला असं त्यांना म्हणायचं नव्हतं, हे त्यांनीच नंतर सांगितलं. गरम असताना सगळं मऊ आणि सारखंच लागलं होतं, ओल्या कापसासारखं. गार झाल्यावर चीज घट्ट झालं होतं, दात त्यात रुतत होते. कड कडक होती. मधली भाकर चिवट होती, तिला ओढावं लागत होतं. वरच्या मिरचीचा आंबटपणा आधी थंड लागायचा आणि मग जाळ व्हायचा. एका घासात इतक्या वेगवेगळ्या गोष्टी घडत होत्या, आणि त्यातल्या एकीलाही नाकाची गरज नव्हती. त्यांनी खोकं बाहेर काढलं, स्टुलावर बसले आणि आणखी खाल्लं. आई आंघोळ करून आली तेव्हा तिच्या नवऱ्याच्या मांडीवर पिझ्झ्याचं खोकं होतं.

ती आधी दुखावली, हे मी पाहिलं. महिनोन् महिने वाटण वाटून तिला जे जमलं नव्हतं ते फ्रिजमधल्या खोक्याने करून दाखवलं होतं. ती चहा टाकायला वळली. पण चहा उकळेपर्यंत तिने बाबांना तीन-चार प्रश्न विचारले. कड आवडली की मधलं? मिरची गार असताना जास्त लागली का? चावायला बरं वाटलं की गिळायला? बाबा एखाद्या परीक्षेला बसल्यासारखे विचार करून उत्तरं देत होते. चहा गाळताना आई म्हणाली, बरं, आज दुपारी मी कालवण करत नाही.

त्या दुपारी तिने उरलेल्या पिझ्झ्याचे आणखी दोन प्रकार केले. एक तुकडा मायक्रोवेव्हमध्ये. दुसरा जाड तव्यावर मंद आचेवर ठेवला, शेजारी पाण्याचे थेंब शिंपडले आणि लगेच झाकण घातलं. झाकण काढलं तेव्हा तळ भाकरीच्या पापुद्र्यासारखा कुरकुरीत आणि वर चीज वितळलेलं. तिसरा तुकडा तसाच गार ठेवला. तिन्ही एका ताटात बाबांपुढे आले. मायक्रोवेव्हचा त्यांनी चावून बाजूला सारला, चामडं आहे म्हणाले. तव्यावरचा खाताना कुरूम असा आवाज आम्हाला टेबलाच्या पलीकडे ऐकू आला. "हा पण कळतो," ते म्हणाले. गाराचा पहिला नंबर मात्र त्यांनी सोडला नाही. आई हसली. कित्येक दिवसांनी मी तिला जेवणाच्या टेबलाशी हसताना पाहत होते.

तिथून पुढे आमच्या घराची शनिवारची रीत उलटी झाली. आई शुक्रवारीच स्वयंपाक करून ठेवायची, तो उरावा म्हणून. शुक्रवारच्या भाताचा शनिवारी दहीभात व्हायचा, फ्रिजमधून काढलेला थंडगार, आणि त्यावर त्याच क्षणी तळलेली सांडगी मिरची. थंड दही, कडकडीत मिरची, मीठ आणि जाळ. शेजारच्या बेकरीतला खबूस, म्हणजे अरबी रोटी, ती मुद्दाम आदल्या दिवशीचा वापरायची. तो गॅसवर धरला की पापडासारखा तडकायचा, आणि त्याच्याबरोबर फ्रिजमधलं काबुली चण्याचं गार हुमूस, वर लिंबू. शिळ्या पोळीचा कुस्करा ती पूर्वी मऊ करायची, आता पोळीचे तुकडे फोडणीत पडून कुरकुरीत होईपर्यंत परतायची आणि शेंगदाणे अख्खे ठेवायची. आदल्या दिवशीची सुरमई पुन्हा रव्यात घोळवून कडक तळली जायची आणि सोबतीला बर्फासारखी सोलकढी. बहीण तिला शेफ म्हणायला लागली. आई म्हणायची, शेफ कसली, सगळं शिळंपाकं तर आहे.

मला सगळ्यात आश्चर्य वाटायचं ते तिच्या अंदाजाचं. बाबांना काय कळेल हे ती बहुतेक वेळा न विचारता ओळखायची. कुठला पदार्थ गार झाल्यावर घट्ट होतो, कुठला पाणी सोडतो, काय परत तापवलं की सुधारतं आणि काय बिघडतं, हे तिला आधीच ठाऊक असल्यासारखं वाटायचं.

त्याचा उलगडा मला एका साध्या मंगळवारी झाला. मी घरून काम करत होते. सकाळच्या मीटिंग संपवून मी पाणी प्यायला आत गेले, तर आई स्वयंपाकघरातल्या खिडकीशी खुर्ची ओढून बसली होती. हातात आदल्या रात्रीची भाकरी, तिच्यावर फ्रिजमधली गार वांग्याची भाजी, वर कच्चं तेल आणि चिमटीभर मीठ. खाली रस्त्यावर दुकानांसमोर माल उतरत होता आणि ती ते बघत सावकाश चावत होती. मला एकदम वाईट वाटलं. इतकी वर्षं आपल्याला गरम वाढून ही स्वतः असं खाते की काय, असं मनात आलं. मी म्हटलं, आई, थांब, मी गरम करून देते.

"नको गं," ती म्हणाली. "गरम केलंस तर त्याची मजा जाईल."

मी तिच्यासमोर बसले. तिने मला घास दिला. वांगं रात्रभरात तेल पिऊन लोण्यासारखं झालं होतं आणि तिखट सगळीकडे सारखं मुरलं होतं. भाकरीला चावावं लागत होतं. रात्री जेवताना मी हीच भाजी खाल्ली होती आणि मला ती इतकी आवडली नव्हती.

आई म्हणाली, तुम्ही सगळे बाहेर पडलात की ही माझी वेळ. वीस वर्षं रोज सकाळी मी कालचं काढते आणि बघते, आज ते कसं लागतंय. बरंच काही आदल्या दिवसापेक्षा चांगलं असतं. मी विचारलं, मग कधी बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुम्हाला कुणाला शिळं आवडत नव्हतं, मग सांगून काय करू, माझा वाटा कमी करून घेऊ? आणि ती हसत पुढचा घास घ्यायला लागली.

तिला कीव नको होती, आणि कीव करण्यासारखं तिथे काही नव्हतंच. घरात सगळ्यात नीट जेवणारी बाई तीच होती, आणि ते आम्हाला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहते. बाबांना जे मिळालं ते तिने त्यांच्यासाठी शोधून काढलेलं नव्हतं. तिने आपल्या एकटीच्या सुखात त्यांना जागा करून दिली होती.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी बाबांचा वर्कशॉपवरून फोन आला. कामाच्या वेळी ते कधी फोन करत नाहीत, म्हणून आई घाबरली. त्यांनी सांगितलं की ग्राइंडरची चकती घासताना जळका वास आला. आईने दोनदा विचारलं, नक्की वासच ना? नक्की, म्हणाले, आणि घाण होता. आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती फोनवर म्हणाली, घाण तर घाण, आला ना.

मग थोडं थोडं येत गेलं. आधी लिंबाची साल, मग लसूण. कॉफी अजून त्यांना रबर जळल्यासारखी लागते आणि उदबत्ती कळत नाही. डॉक्टर म्हणाले, यापुढे कदाचित इतकंच. बाबा त्यावर खलास, झालं तेवढं पुरे, म्हणाले आणि त्या दवाखान्यात पुन्हा गेले नाहीत. त्यांचं वजन परत आलंय. तिरफळांचा वास त्यांना लांबून ओळखू येतो, पण आता आई तिखलं केल्या दिवशी त्यांना थोडंच वाढते आणि उरलेलं दुसऱ्या दिवशीसाठी झाकून ठेवते, कारण तेच तसं सांगतात.

गेल्या महिन्यात बाबांचे मोठे भाऊ आणि काकू गावाहून आमच्याकडे राहायला आले होते. पहिल्या रात्री बहिणीच्या हट्टाने पिझ्झा मागवला. काका तोंड वाकडं करून थोडं जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्वतः फ्रिज उघडला, उरलेला तुकडा बशीत घातला आणि काकांपुढे ठेवला. काकांनी बशी आईकडे सरकवली आणि गरम करून दे म्हणाले. आई उठणार तेवढ्यात बाबांनी हाताने तिला थांबवलं.

"दादा, आधी असाच एक घास खा," ते म्हणाले. "नीट चाव. मग काय ते बोल."

काकांनी संशयाने घास घेतला. ते बराच वेळ चावत राहिले आणि बाबा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी काका म्हणाले की वाईट नाही. त्यांनी आणखी एक तुकडा मागून घेतला, आणि मग आईकडे वळून म्हणाले, चहा मात्र मला गरमच दे.