मोठ्या सरांचे हात

घरात माझ्या जिभेला हाड नाही, असं सगळे म्हणतात. खोटं नाही ते. पण कोल्हापुरातल्या ज्या दवाखान्यात मी सिस्टर आहे, तिथं मोठे सर, म्हणजे आमचे मुख्य सर्जन, राउंडला आले की माझी दातखीळ बसायची.

त्यात नेमकं एक काम माझ्या गळ्यात पडलं. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना कोण हात धुतं आणि कोण नाही, ते गुपचूप बघायचं आणि तक्त्यावर खूण करायची. महिनाअखेरीला त्याची टक्केवारी निघायची आणि लिफ्टजवळच्या फळ्यावर लागायची. मानांकनाची तपासणी आली की आधी तोच आकडा दाखवायचे. आता सांगायला लाज वाटते, पण मोठे सर कधीच हात धुवायचे नाहीत. हातमोजे काढताना हाताला घाण लागतेच, पण ते मोजे टाकले की निघाले पुढच्या खाटेकडे. आणि मी दर वेळी ‘धुतले’वर खूण करायची. त्यांच्या नावापुढं ‘नाही’ लिहायची कुणाच्या बापाची हिंमत!

मग माझ्याच वॉर्डात सासूबाईंचं ऑपरेशन झालं. पित्ताशयाचं, पोट उघडून. गारगोटीकडच्या गावात एकटीनं चार म्हशी सांभाळणारी बाई, पण साखर वाढलेली. साखरेच्या माणसाची जखम चिघळली की काय होतं ते मी रोज बघते. भीती होती ती तेवढ्याच एका गोष्टीची.

तिसऱ्या दिवशी सर शेजारच्या खाटेवरच्या बाईचा पू भरलेला पाय बघून सरळ सासूबाईंकडे आले. मोजे काढलेले, हात तसेच. टाक्यांच्या कडेकडेनं अंगठ्यानं दाबून बघितलं आणि म्हणाले, “छान आहे.” माझं तोंड काही उघडलं नाही. हातानं मात्र सवयीनं खूण केली, ‘धुतले’.

चौथ्या दिवशी दुपारी सासूबाईंचं अंग तापलं. ताप काय, कशानंही येतो, असं मी स्वतःला बजावत होते आणि दर अर्ध्या तासानं वाकून पट्टीचा वास घेत होते.

“रोज त्या कागदावर काय लिवतीस गं?” सासूबाईंनी विचारलं.

मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

“कास सुजून दगडी झालेल्या म्हशीची धार काढायची, आन् त्याच हातानं दुसरीच्या सडाला हात लावायचा? आमच्यात शेंबडं पोरगं बी असं करत न्हाय. आन् तू नुसती बघत हुतीस?”

“व्हय, आत्ती.”

त्यांनी तोंड फिरवलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

सकाळी सर आले. आज बोलायचंच, असं रात्रभर घोकलं होतं. पण त्यांनी पट्टी सोडवली आणि मी घोकलेलं सगळं विसरले. खालच्या टाक्यांमधून पू येत होता.

“हं, इन्फेक्शन आहे थोडं. साखरेमुळं होतं असं,” सर म्हणाले. असेलही साखरेमुळं. मला ते कधीच कळणार नाही. खालचे टाके सोडायला सांगून त्यांनी मोजे काढले आणि ते वळले. पलीकडच्या खाटेवर अपेंडिक्सची एक कोवळी पोरगी होती, कालच ऑपरेशन झालेली.

सासूबाईंनी माझ्या कमरेत बोटानं ढोसलं.

“माझं झालं ते झालं. आता माझा पू त्या पोरीला लावाय निघालाय की त्यो! तिचं हितं कोण न्हाय गं. बोल की, भवाने!”

सरांचा हात तिच्या पट्टीपाशी पोचला होता.

“सर, हात धुवा!” मी एवढ्या मोठ्यानं ओरडले, की त्या पोरीनं दचकून पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.