सासूबाईंचं बदक

बिबवेवाडीत आम्ही घर बांधलं तेव्हा पलीकडे अजून शेतं होती आणि शेजारीणबाईंच्या अंगणात कोंबड्या. त्यांच्या घराचं काम निघालं, तेव्हा खुडूक बसलेली कोंबडी टोपलीसकट घेऊन त्या आमच्या दारात आल्या.

"वहिनी, हिला तुमच्या जिन्याखाली राहू द्या. ठोकाठोकीनं अंड्यांवरनं उठतीय. तिच्या अंड्यांत एक बदकाचं बी हाय."

माझ्या सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. सगळा जन्म पेठेत गेलेला, अंड्याला कधी बोट लावलेलं नाही. मी घाबरतच त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "ठेवा की. आमचे पाहुणे कुठे इतके गप्प बसतात!"

यथावकाश पिल्लं निघाली आणि कोंबडी त्यांना घेऊन अंगणात गेली, ती टोपलीकडे फिरकेना. बदकाचं अंडं तसंच राहिलं. त्याला आठवडाभर जास्त लागतो, हे तिला कोण सांगणार?

"आता टाकून द्या ते," शेजारीणबाई म्हणाल्या.

"का म्हणून? उशिरा पास होणारी मुलं आपण टाकून देतो का?"

सासूबाईंनी चपलांच्या खोक्यात कापूस घातला, वर टेबललॅम्प लावला आणि पदराच्या टोकाने अंडं रोज उलटंपालटं करू लागल्या.

"आई, तू अंड्याला हात लावलास?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"पदर लावला. नीट बघत जा."

अखेर एका सकाळी आतून टकटक ऐकू आली. सासूबाई खुर्ची घेऊन खोक्यापाशी बसल्या. मी कवच सोलायला गेले, तर हातावर चापट बसली. "त्याचा पेपर त्याला सोडवू दे." दुपारी ओलंचिंब, पिवळं, चपट्या चोचीचं ध्यान बाहेर आलं. त्याने पहिल्यांदा पाहिलं ते सासूबाईंना, आणि तिथेच सगळं ठरलं.

त्या देवघरात, की ते देवघराच्या उंबऱ्यावर. त्या अंघोळीला, की दाराबाहेर आक्रोश. शेवटी त्यांचं पितळी घंगाळ त्याला पोहायला मिळालं. मंडईतसुद्धा ते पिशवीतून डोकं काढून जायचं.

"आजी, केवढ्याला घेतलं?" एका भाजीवाल्याने विचारलं.

"विकत नाही घेतलं. तुमचा पालक ताजा आहे का, ते बघायला आलंय."

पण ते वाढलं, घंगाळात मावेना, आणि त्याच्या पहाटेच्या ओरडण्याने गल्ली जागी होऊ लागली. शेजारीणबाईंच्या भावाच्या मळ्यात मोठं तळं होतं, तिथे बरीच बदकं होती. सासूबाईंनी स्वतः त्याला रिक्षातून नेऊन सोडलं. घरी येऊन घंगाळ घासून जागेवर ठेवलं.

महिनाभराने त्याला भेटायला म्हणून मळ्यात गेल्या. संध्याकाळी आल्या त्या चेहरा पाडून.

"ओळखलं का?" मी विचारलं.

"छे! हाका मारल्या, तर तोंड फिरवून बायकोबरोबर पोहत गेलं." पदराने चष्मा पुसत त्या पुढे म्हणाल्या, "सून बरी आहे दिसायला."